परतून येणाऱ्याची जागा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभाच्या सभेतील भाषण)



आज शिखरावर कळस चढला. या कामी कोणी रोख रक्कम दिली, कोणी सिमेंटची पोती दिली, कोणी वाळूच्या खेपा टाकल्या, तर ज्याच्याजवळ यातले काहीच नव्हते त्याने आपले दोन हात दिले. गाव करी ते राव न करी, हे पुन्हा एकदा खरे ठरले. देणगीदारांच्या यादीत गावात राहणाऱ्यांची नावे आहेत, तशीच पोटापाण्यासाठी दूरदेशी गेलेल्यांचीही आहेत. त्यांनी गावाची आठवण ठेवली याबद्दल गाव त्यांचे ऋणी आहे. परंतु आजच्या मंगल प्रसंगी एका गोष्टीचा विचार व्हावयास हवा. यादीतली नावे भिंतीवरच्या फरशीवर कोरली जातील, पण त्यातल्या कित्येकांच्या घरांना गावात कुलूप आहे. उद्या त्यांच्यापैकी कोणी कायमचे राहावयास परत आले, तर गावात त्यांना जागा आहे काय?

आपल्या बीड जिल्ह्याला जाणे-येणे नवे नाही. दसरा-दिवाळी झाली की कोयते घेऊन बिऱ्हाडे कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. सहा महिन्यांनी परतलेल्या माणसाला कोणी परका समजत नाही. पारावर त्याची जागा ठरलेली असते. पण दहा-पंधरा वर्षे परदेशात काढून जो परत येतो, त्याला पहिल्याच दिवशी वेशीत प्रश्न होतो, "मग, पुन्हा कधी जाणार?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. तरीही ऐकणाऱ्याच्या काळजात चर्र होते. राहावयास आलेल्या माणसाला पाहुणा ठरविणारा हा प्रश्न आहे.

परतून येणे किती कठीण असते हे मोठ्यामोठ्यांच्या चरित्रांत पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस गेले. तेथे कोलंबिया विद्यापीठात व पुढे लंडनला त्यांचे शिक्षण झाले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली त्यांना परत यावे लागले. युद्धाचे दिवस होते, वेगळ्या बोटीने पाठविलेले त्यांचे सामान समुद्रात बुडाले. कराराप्रमाणे ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, पण एवढ्या विद्वान माणसाला त्या शहरात राहावयास खोली मिळेना. शेवटी नाव बदलून ते एका पारशी खानावळीत राहिले. काही दिवसांतच लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले. सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले. विदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत याचा त्यांना विसर पडला होता, आणि स्वदेशात पाऊल ठेवताच देशाने त्याची आठवण करून दिली. हा प्रसंग त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. पुढे ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ साली उच्च पदव्या घेऊन परतले आणि १९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. ज्या देशाने खोली नाकारली त्याच देशाची राज्यघटना घडविण्यात त्यांनी मोठा वाटा उचलला. हा त्यांचा मोठेपणा होय. परंतु त्यामुळे खोली नाकारणाऱ्यांचा दोष कमी होत नाही.

दुसरे उदाहरण वर्ध्यास जन्मलेल्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचे. तरुणपणी स्वातंत्र्याच्या ध्यासाने त्यांनी देश सोडला, अमेरिकेत गदर चळवळीत भाग घेतला व शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले. पुढे मेक्सिको देशात ते शेतीचे प्राध्यापक झाले. मका व गहू यांच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी शेतीच्या मोफत शाळा चालविल्या. तेथील जगप्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. असा हा माणूस देश स्वतंत्र झाल्यावर परत यावयास निघाला, तर त्याला आधी नकार मिळाला. कारण काय, तर इंग्रजांनी केलेल्या जुन्या काळ्या यादीत त्याचे नाव होते. इंग्रज गेले, पण यादी तशीच राहिली! अखेरीस १९५५ च्या सुमारास ते नागपुरास स्थायिक झाले व १९६७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. कचेरीतले दप्तर वेळच्या वेळी दुरुस्त झाले नाही तर माणूस आपल्याच घराच्या दारात उपरा ठरतो, एवढा बोध यातून घ्यावा.

आता तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे. सौताड्याच्या रामेश्वराचे दर्शन घेऊन थोडे पुढे गेले की जामखेड लागते. तालुका तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, पण पाटोदा-आष्टीच्या माणसांना तो परका नाही. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन १९७० साली तेथे आले. तिकडे राहते तर पैसा व मान दोन्ही मिळते. पण खेड्यातल्या गोरगरिबांची सेवा करावयाची, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरविले होते. त्यांनी जामखेडात मोठी इमारत उभारून सुरुवात केली नाही. आधी गावच्या पुढाऱ्यांना विचारले, लोकांशी बोलणी केली आणि जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत दवाखाना थाटला.

ते औषध द्यावयास आले होते, पण लोकांना आधी पाणी व अन्न हवे होते. १९७२ चा दुष्काळ येथे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सांगावयास नको. त्या काळात आरोळे दांपत्याने विंधनविहिरी व हातपंपांच्या कामी पुढाकार घेतला. कित्येक ठिकाणी हे पंप दलित वस्तीत बसविले गेले आणि सगळे गाव त्या एका पंपावर पाण्यास येऊ लागले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात टिकेनात, तेव्हा गावातलीच बाई शिकवून तयार करावी असा विचार गावकऱ्यांकडूनच पुढे आला. मग गावोगावच्या बायका गावाने निवडून दिल्या. त्यांतल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. सुखरूप बाळंतपण कसे करावे, जुलाब लागलेल्या लेकराला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे, हे त्या शिकल्या व इतरांस शिकवू लागल्या. १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. पुढच्या वीस-बावीस वर्षांत हा आकडा वीसच्या खाली आला. १९७९ साली आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली व रजनीकांत डॉक्टर २०११ साली गेले. दोघांनी परतल्यानंतरचे उभे आयुष्य जामखेडला वाहिले.

बडोद्याच्या व जामखेडच्या गोष्टींत फरक कोणता? विद्या दोन्हीकडे होती, विलायतेहून आलेले दोन्हीकडे होते. बडोद्यात दार आतून बंद होते. जामखेडात येणाऱ्याने बाहेरून अदबीने कडी वाजविली आणि गावाने आतून दार उघडले. परत येणे ही एका बाजूने होणारी गोष्ट नाही, हाच या तिन्ही उदाहरणांचा अर्थ. येणाऱ्याला गाव पुन्हा शिकावे लागते आणि गावाला येणाऱ्यासाठी जागा करावी लागते.

कोणी म्हणेल, ही थोरांची चरित्रे झाली, आपल्याकडे परतणारा साधा माणूस. आखाती देशांत गवंडीकाम करणारा, गाडी चालविणारा, कंपनीत राबणारा. त्याच्याबाबतीत तर हा विचार अधिकच करावयास हवा. अमेरिकेत गेलेला कदाचित तेथला नागरिक होऊन राहील, पण आखातात राबणाऱ्या मजुराला तेथले नागरिकत्व सहसा मिळत नाही. काम संपले की त्याला परत यावेच लागते. काही वेळा तर कपडे भरावयासही सवड मिळत नाही. १९९० साली कुवेतवर आक्रमण झाले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. २०२० साली करोनाच्या साथीतही असाच लोंढा परतला. वीस वर्षांची कमाई मागे टाकून हातात एक पिशवी घेऊन आलेल्या माणसाला गावाने, "काय आणलेस?" असे विचारू नये. "जेवलास का?" असे विचारावे.

आता एक नाजूक गोष्ट, पण ती बोलल्यावाचून राहवत नाही. परतणाऱ्याचा पहिला खटका बहुधा घरातच उडतो. दोघा भावांपैकी एक गेला, एक राहिला. गेलेल्याने पैसा पाठविला; विहीर झाली, बहिणींची लग्ने झाली. राहिलेल्याने आईबापांचे दुखणेखुपणे काढले, रात्रीअपरात्री पिकाला पाणी दिले, दुष्काळात जनावरे जगविली. पैशाचा हिशेब वहीत असतो, सेवेचा हिशेब कोठेच नसतो. म्हणून परत आलेला म्हणतो, माझ्या पैशावर सारे झाले. आणि राहिलेला म्हणतो, माझ्या कष्टावर सारे टिकले. दोघेही खरे बोलतात आणि दोघेही कोर्टाची पायरी चढतात. आईबाप हयात असतानाच, चार माणसांसमक्ष याचा निवाडा झाला तर पुढचे भांडण टळते. पारावरच्या वडीलधाऱ्यांनी येथे मन घालावे.

याच कामी कागदपत्रांचीही काळजी घ्यावी. वडील वारले की तीन महिन्यांच्या आत वारसाची खबर तलाठ्याकडे द्यावयाची असते. परदेशात असला म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही व त्याचे नाव गाळताही येत नाही. आता ई-हक्क प्रणालीवर दुरूनही अर्ज करता येतो. परदेशी राहणाऱ्यास शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारसाने आलेली ठेवता येते. ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले, त्याचे भारतीय नागरिकत्व संपते. प्रवासी नागरिकत्वाचे कार्ड मिळाले तरी त्यावर मतदान करता येत नाही. नागरिकत्व पुन्हा हवे असल्यास येथे राहून रीतसर अर्ज करावा लागतो. कायमचा राहावयास आलेल्या भारतीय नागरिकाने मतदार यादीत व रेशनकार्डात नाव घालून घ्यावे आणि बँकेतले अनिवासी खाते बदलून घ्यावे. यात चालढकल करू नये. खानखोजे यांची गोष्ट ध्यानात ठेवावी.

परतणाऱ्या बांधवांसही दोन शब्द सांगणे अगत्याचे आहे. "आमच्या तिकडे असे असते" हे वाक्य पहिले वर्षभर तोंडातून काढू नये. तिकडचे चांगले अवश्य आणावे, पण आधी गावात कोण गेले, कोण आजारी आहे, कोणाच्या विहिरीचे पाणी आटले हे विचारून घ्यावे. मर्तिकाला जावे, सप्ताहाच्या पंगतीत वाढावयास उभे राहावे. पंगतीत वाढणाऱ्याला कोणी पाहुणा समजत नाही. आणि बायको-लेकरांस थोडा वेळ द्यावा. परदेशात जन्मलेल्या लेकराला हे गाव परतीचे नसते, त्याच्यासाठी ते नवेच असते. शाळेत त्याच्या बोलण्याला कोणी हसले तर गुरुजींनी व आयाबायांनी त्याला जवळ घ्यावे.

गावाकडूनही एक गोष्ट घडावी. या मंदिराचे काम करताना गवंड्याने जुने चांगले दगड फेकून दिले नाहीत. पुन्हा घडवून, जागा पाहून बसविले. काही दगड पहिल्या जागी बसले नाहीत, त्यांना दुसरी जागा मिळाली, पण भिंतीबाहेर एकही राहिला नाही. माणसांचेही असेच व्हावे. परतलेल्या सुईणीला, ड्रायव्हरला, इंजिनिअरला, मास्तराला त्याच्या जुन्या जागी दुसरे कोणी बसलेले दिसेल. त्यात वाईट वाटून घेऊ नये, आणि गावानेही त्याला नवे काम दाखवून द्यावे. शाळेची समिती आहे, पाणलोटाचे काम आहे, या मंदिराची देखभाल आहे. वर्गणीपुरती आठवण ठेवण्यापेक्षा कामाला हाक मारणे हा खरा मान आहे.

सभामंडप आता सर्वांना पुरेल एवढा झाला आहे. लांबच्या देणगीदारांनी पुढच्या वर्षी सप्ताहाला सहकुटुंब यावे, आणि ज्यांच्या मनात कायमचे यावयाचे आहे त्यांनी निःसंकोच यावे. त्यांना वेशीत "पुन्हा कधी जाणार?" असे कोणी विचारणार नाही, "कोणते काम अंगावर घेणार?" असेच विचारले जाईल, एवढी हमी गावाने आज श्रींच्या साक्षीने द्यावी. श्रींनी ती पार पाडण्याची बुद्धी सर्वांना द्यावी, हीच प्रार्थना.

जय हिंद, जय महाराष्ट्र.