दंडाचा हिशेब मागा

(चाकण परिसरातील कामगार स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कंत्राटावरचा पगार तारखेला होत नाही, फीची तारीख मात्र ठरलेली असते. मुलीच्या कॉलेजातून कागद आला की आपण खालचा एकच आकडा बघतो आणि भिशी उचलायला, नाहीतर गळ्यातलं गहाण टाकायला निघतो. आधी विचारा, यात मूळ फी किती आणि दंड किती? समजा, थकबाकी 18,000 रुपये आणि दंड दिवसाला 50. सहा महिन्यांत दंडच 9,000 होतो, म्हणजे वर्षाला शंभर टक्के व्याज! सावकारसुद्धा इतकं मागताना इकडेतिकडे बघेल.

घरात मग काय बोललं जातं, ते तुम्हाला माहीत आहे. मुलाची फी कशीबशी भरली जाते, मुलीच्या वेळी ‘बास झालं शिक्षण’. त्या दंडापायी तिचं लग्न ठरतं.

फॉर्मवर सही केली म्हणून गप्प बसायचं कारण नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 74 म्हणतं, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी फक्त वाजवी भरपाईच मागता येते. बँकांनासुद्धा रिझर्व्ह बँकेने 2023 साली बजावलं, की कर्जाच्या हप्त्यावरील दंडावर पुन्हा व्याज लावू नका. तो नियम कॉलेजला लागू नाही, पण दाखला म्हणून जरूर सांगा.

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. सरकारचे पैसे उशिरा आले, तर त्याचा दंड मुलीने का भरायचा?

तोंडी भांडून येऊ नका. अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. मूळ फी भरताना ‘दंड मान्य नाही’ असं लिहून द्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात स्त्री हवी. जाहीर केलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं ही तिथे तक्रार ठरते. पंधरा कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. तिथे दाद लागली नाही, तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे जाता येतं.

पुढच्या बैठकीला कॉलेजची माहितीपुस्तिका आणि फीच्या पावत्या घेऊन या. पावती हरवली असेल तर पासबुक आणा. अर्ज इथेच बसून लिहू.