गावाच्या नोंदीसाठी पहिला कॅमेरा

(सातारा व सांगली जिल्ह्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



छायाचित्रण नव्याने शिकू इच्छिणाऱ्याने कोणता कॅमेरा घ्यावा, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडतो. शाळेला किंवा ग्रामपंचायतीला एखादा कॅमेरा हवा असतो, हाती पैसा बेताचा असतो आणि दुकानात नमुने मात्र अनेक असतात. माझे म्हणणे असे की, या प्रश्नाचे उत्तर दुकानात नव्हे, तर आपल्या गावात शोधावयास हवे. कॅमेऱ्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे हे आधी ठरले, म्हणजे निवड पुष्कळशी सोपी होते.

आपला मुलूखच पाहा. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांत महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर माण आणि जत तालुक्यांत तो जेमतेम पाचशेच्या आसपास असतो. एकीकडे महापूर आणि दुसरीकडे अवर्षण, या दोहोंची नोंद ठेवण्याचे काम आपल्या गावांपुढे आहे.

प्रथम पुराचा विचार करू. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. २००५ आणि २०२१ सालचे पूरही आपल्या स्मरणात आहेत. पूर ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेषा पुढच्या पावसात धुऊन जाते किंवा रंगसफेदीखाली झाकली जाते. त्यानंतर पाणी कोठवर आले होते याविषयी प्रत्येक जण निराळे सांगू लागतो. पुढील पुराच्या वेळी कोणती घरे आधी रिकामी करावयाची, हे ठरविण्यास ती रेषाच उपयोगी पडते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून, घर ओळखू येईल अशा रीतीने घेतलेले छायाचित्र हा गावाचा मोलाचा दस्तऐवज होय. या कामास आपल्या खिशातील मोबाइल पुरेसा आहे.

दुसरे काम बंधारे, नालाबांध, वृक्षलागवड यांचे. येथे एक चित्र पुरत नाही. काम सुरू होण्यापूर्वी, ते चालू असताना आणि पावसाळ्यानंतर, अशी तीन चित्रे एकाच जागेवरून व एकाच दिशेने घ्यावी लागतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर प्रथम कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. कॅमेरा एका जागी ठेवून ठरावीक अंतराने एकेक चित्र घेणे, एवढीच ती युक्ती होती. आपणही जागेवर एक दगड रोवून खूण केली, तर दहा वर्षांनंतरचे चित्र आजच्या चित्राशी ताडून पाहता येईल.

तिसरे काम शाळेचे. कास पठारावर साडेआठशेहून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पतींची नोंद आहे. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर त्यास जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथील कित्येक फुले नखाएवढी असतात. ती टिपण्यासाठी जवळून स्पष्ट चित्र घेणारे भिंग हवे. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदाच बहरते. मात्र चित्रासाठी पायवाट सोडून फुले तुडविणे हा अपराधच समजावा.

मग मोबाइल अपुरा कोठे पडतो? स्नेहसंमेलनात, अंधाऱ्या मंदिरात, दूरवरच्या पक्ष्यासाठी आणि दीर्घ मुलाखतीसाठी. अशा कामांचा निश्चय असेल, तरच स्वतंत्र कॅमेरा घ्यावा. तो घेताना मेगापिक्सेलच्या आकड्यांनी भुलू नये. ए-फोर आकाराच्या कागदावर उत्तम छपाईस सुमारे नऊ मेगापिक्सेल पुरतात. चित्राची गुणवत्ता अधिक अवलंबून असते ती प्रकाश टिपणाऱ्या संवेदकाच्या आकारावर आणि भिंगावर. नवशिक्यास मध्यम संवेदकाचा, भिंगे बदलता येणारा मिररलेस कॅमेरा आणि १८ ते ५५ मिलिमीटरचे झूम भिंग पुरेसे होते. पुढे मंद प्रकाशासाठी ५० मिलिमीटरचे, एफ १.८ छिद्राचे एखादे भिंग जोडावे. पक्षीनिरीक्षणासाठी मात्र लांब पल्ल्याचे भिंग लागते, व त्याचा खर्च निराळा धरावा.

चलच्चित्रणासाठी आणखी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय. वृद्ध शेतकऱ्याची आठवण ध्वनिमुद्रित करताना चित्र थोडे धूसर झाले तरी चालेल, पण शब्द ऐकू आले पाहिजेत. दुसरी, तिपाई. तिसरी, साठवणुकीची जागा. उच्च प्रतीचे फोरके चित्रण एका तासात ४५ गिगाबाइटपर्यंत जागा व्यापू शकते. गावच्या नोंदीस साधे फुल एचडी चित्रण बहुधा पुरते. सेकंदाला पंचवीस चित्रे आणि झडपेचा वेग एक-पन्नासांश ठेवल्यास आपल्याकडील विजेच्या दिव्यांखाली लुकलुक येत नाही. म्हणून सर्व पैसा कॅमेऱ्यावर न घालता सुमारे एक-तृतीयांश रक्कम मायक्रोफोन, तिपाई, जादा बॅटरी व मेमरी कार्ड यांसाठी राखून ठेवावी.

जुना कॅमेरा घेण्यात कमीपणा नाही. परंतु भिंगात विजेरीचा प्रकाश टाकून बुरशीचे जाळे नाही ना, हे पाहून घ्यावे. जावळी, पाटण, महाबळेश्वर येथील दमट हवेत ही बुरशी लवकर धरते. पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. छायाचित्रास तारीख, स्थळ आणि नाव नसेल, तर त्याची नोंद म्हणून किंमत राहत नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावावे. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठविलेले चित्र लहान होते आणि त्यातील स्थळकाळाची माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाइल जपावी आणि तिच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुराव्यात देताना प्रमाणपत्र जोडावे लागते. चित्र कोणी, कोणत्या उपकरणाने घेतले याची नोंदवही असल्यास हे काम सुकर होते. तसेच आपद्ग्रस्तांचे व मुलांचे चित्र त्यांच्या किंवा पालकांच्या संमतीवाचून घेऊ नये. मदत स्वीकारणाऱ्या माणसाचा मान चित्रातही राखला गेला पाहिजे.

तेव्हा माझी विनंती एवढीच की, येत्या वर्षी पहिले सहा महिने हाती असलेल्या मोबाइलनेच काम करावे. गावातील दहा जागा निश्चित कराव्यात आणि दर महिन्याला त्यांची चित्रे घेऊन नोंदवहीत लिहावीत. सहा महिन्यांनी आपणास काय कमी पडते, हे त्या वहीतूनच कळेल. मग ती उणीव भरून काढणारा कॅमेरा ग्रामसभेसमोर हिशेब मांडून खरेदी करावा. असा कॅमेरा कपाटात पडून राहणार नाही, आणि पुढच्या पिढीस आपल्या गावाचा खरा इतिहास पाहावयास मिळेल.