कात्रीला कातड्याचे घर



द्राक्षाच्या बागेत छाटणी करणारा माणूस पाहा. त्याच्या हातात सिकेटर असते. सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री. काडी बांधायला दोन्ही हात लागले, की ही कात्री जाते कोठे? खिशात, नाही तर कमरेला. बायाबापड्या ती ओच्यात खोचतात. वाकताना खटका सुटतो. स्प्रिंग कात्री उघडते आणि टोक मांडीत घुसते. आमच्या नाशिककडे एप्रिलात खरड छाटणी असते, ऑक्टोबरात गोडी छाटणी असते. ऐन हंगामात अशी जखम झाली, तर दुखणे येते आणि मजुरीही बुडते.

चष्म्याला घर असते ना? तसे कात्रीलाही हवे. पोलिसाच्या कमरेला पिस्तुलाचे कातडी घर असते, त्याचाच हा धाकटा भाऊ. आम्ही शाळेतून निवृत्त झाल्यावर हौसेने हे काम शिकलो. शिकवले आमच्या गावच्या चर्मकार दादांनी. आमच्या वर्गात ज्यांची मुले शिकली, त्यांच्याच पुढे आम्ही मांडी घालून बसलो.

तेव्हा काही जण म्हणाले, “गुरुजी, हे काय आरंभलंत? हे काम आपलं का?” त्यांना आम्ही एक खरी हकिगत सांगितली. ती तुम्हीही ऐका. दक्षिण आफ्रिकेत 1910 साली गांधीजींनी टॉलस्टॉय फार्म नावाची वस्ती वसवली. त्यांचे मित्र कॅलनबाख एका मठात जाऊन चपला करायला शिकले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले. गांधीजी तर बॅरिस्टर! 1914 साली देश सोडताना त्यांनी जनरल स्मट्स यांना चपलांचा एक जोड भेट दिला. याच स्मट्सच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले होते. स्मट्सनी तो जोड वापरला आणि 1939 साली परत पाठवला. एवढ्या मोठ्या माणसाच्या चपलांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कातड्याने बॅरिस्टराचे हात विटाळले नाहीत. मग आमचे कसे विटाळतील?

आता कामाला लागू. कातडे म्हशीचे घ्या. ते बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असावे. जाडी तीन मिलिमीटर पुरते. दुकानात कापलेली कड पाहा. ती आतपर्यंत तपकिरी असली, तर कातडे सालीचे. करडी-निळसर दिसली, तर ते क्रोमचे. ते मऊ असते, पण त्याला दिलेला आकार टिकत नाही.

कात्री बंद करून कागदावर ठेवा. भोवती पेन्सिल फिरवा. दोन्ही अंगांना बोटभर जागा जास्त सोडा. मूठ वर राहिली पाहिजे, नाही तर कात्री निघायची कशी? पुढचा तुकडा असा कापा. मागचा तुकडा वर वीतभर लांब ठेवा. तो मागे दुमडला, की पट्टा ओवायला जागा होते. ही दुमड आधी शिवून घ्या. घर बंद झाल्यावर आत हात जात नाही, बरे का.

रापीने कापताना खाली लाकडी पाट घ्या. दुसरा हात रापीच्या वाटेत कधी ठेवू नका. घाई तर मुळीच नको.

आता खरी मेख ऐका. दोन तुकड्यांच्या मध्ये, दोन्ही कडांना, कातड्याची एकेक बोटभर पट्टी घाला. ही पट्टी नसली, तर कात्रीची धार दोऱ्यावर घासते. महिन्याभरात शिवण तुटते. विकतच्या स्वस्त घरांत ही पट्टी बहुधा नसतेच. तळाशी थोडी फट सोडा. पाणी आणि कचरा तेथून निघून जातो.

कडा चिकटवा. आरीने सारख्या अंतरावर भोके पाडा. दोऱ्याला मेण लावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई ओवा. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून काढा. मग ओढा. अशी शिवण एका बाजूने झिजली, तरी दुसरा दोरा धरून ठेवतो. यंत्राच्या शिवणीचे तसे नाही.

मग घर कोमट पाण्यात बुडवा. बुडबुडे थांबले, की काढा. कात्री प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत सरकवा आणि अंगठ्याने कातडे दाबत जा. गुंडाळायला विसरू नका. पूर्वी हिरड्यात हिराकस घालून काळी शाई करत. तीच गोष्ट येथे होते. ओल्या कातड्याला लोखंड लागले, की काळे डाग पडतात. रात्रभर सावलीत वाळवा. उन्हात ठेवले, तर कातडे तडकते. वाळल्यावर एरंडेलाचा पातळ हात द्या. पातळच हं, नाही तर घर लोळागोळा होईल.

पहिले घर करायला आम्हाला तीन दिवस लागले. दादा ते एका दुपारी करतात. आपल्या कात्रीपुरते आपण करावे. गावभर पुरवायचे असेल, तर दादांनाच सांगावे आणि दाम रोख द्यावेत.

छाटणी संपली, की कात्री घरातून बाहेर काढा, पुसा आणि तेल लावून वेगळी ठेवा. कातड्यात महिनोन्महिने राहिली, तर ती गंजते. रिकामे घर खुंटीला टांगा, वारा लागेल असे. पिशवीत कोंबले, तर पावसाळ्यात त्याला बुरशी येते.