न दिसणाऱ्या थराचे मोल

(बंगळुरूमधील व्हाइटफील्ड येथे अभियंते व संशोधकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



क्ष-किरणांवर अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने बोलावे, याचे आपणास नवल वाटले असेल. परंतु ज्या वस्तूचा दर्जा डोळ्यांना दिसत नाही, तिची योग्य किंमत बाजारात कशी ठरावी, हा प्रश्न आमच्याच शास्त्राचा आहे.

पोलादाला भोके पाडणाऱ्या ड्रिलचे उदाहरण घ्या. त्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो. त्याची जाडी अवघी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही सहस्रांश. दोन ड्रिल सारखेच चकाकतात. मात्र एकाचा थर टिकतो, दुसऱ्याचा पापुद्रा सुटतो. हा फरक स्फटिकांच्या रचनेत आणि थरात साठलेल्या ताणात दडलेला असू शकतो.

क्ष-किरण काय सांगतात?

राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले. १९१२ मध्ये लाउए यांनी स्फटिकातून त्यांचे विवर्तन होते हे दाखविले, तर पुढे ब्रॅग पितापुत्रांनी विवर्तनाच्या कोनावरून अणूंच्या प्रतलांमधील अंतर काढण्याचा नियम दिला. प्रयोगशाळेत सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या, तांब्यापासून मिळणाऱ्या क्ष-किरणांची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर आहे. अणूंमधील अंतरेही याच प्रमाणातील असतात.

पातळ थराच्या बाबतीत एक अडचण येते. किरण मोठ्या कोनातून टाकल्यास ते थर भेदून खालच्या पदार्थात शिरतात आणि त्याचीच माहिती अधिक देतात. म्हणून ते पृष्ठभागाला जवळजवळ घासून जातील असे सोडले जातात. आलेखातील शिखरांच्या स्थानावरून संयुग ओळखता येते व ताण मोजता येतो. त्यांच्या रुंदीवरून स्फटिककणांचा आकार समजतो. थर काही नॅनोमीटरचाच असेल, तर त्याच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परावर्तित झालेले किरण एकमेकांत मिसळून चढउतारांची मालिका निर्माण करतात. तिच्यातील अंतरांवरून जाडी काढता येते. कीसिग यांनी १९३१ मध्ये वर्णिलेली ही पद्धत आजही वापरात आहे.

दर्जा आणि बाजार

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला. विक्रेत्याला मालाचा दर्जा ठाऊक असतो, ग्राहकाला नसतो. अशा वेळी ग्राहक सरासरी किंमतच देऊ करतो, चांगल्या मालाला ती परवडत नाही आणि अखेरीस तो बाजारातून बाहेर पडतो. पातळ थरांच्या लघुउद्योगासमोर हाच धोका आहे. प्रामाणिकपणे काम करणाऱ्या कारखानदाराजवळ मोजमापाचा पुरावा नसेल, तर तो स्वस्त व निकृष्ट मालापुढे हरतो. क्ष-किरणांचा अहवाल हा पुरावा देऊ शकतो.

उपकरण कोणाच्या हाती?

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी पातळ थर तयार करण्याची संशोधन-परंपरा आहे. यांपैकी काही पद्धतींत काचपात्रातील द्रावणातही थर तयार होतो. म्हणजे थर करणे स्वल्पखर्चिक होऊ शकते. तो जाणून घेण्याचे उपकरण मात्र महागच राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत हे अविभाज्य भांडवल आहे. अर्धे उपकरण विकत घेता येत नाही. मात्र एकदा घेतल्यावर आणखी एक नमुना तपासण्याचा खर्च तुलनेने अल्प असतो. म्हणून त्याचा सामायिक वापर हाच किफायतशीर मार्ग होय.

याच जाणिवेतून विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९७० च्या दशकात प्रादेशिक उपकरण केंद्रे उभारण्यास प्रारंभ केला. सार्वजनिक निधीतील उपकरणांची माहिती व आरक्षण एकत्र आणणाऱ्या 'आय-स्टेम' या संकेतस्थळाचे उद्घाटन जानेवारी २०२० मध्ये याच बंगळुरू शहरात झाले.

तरीही अंतर उरतेच. पूर्वेकडील व्हाइटफील्डमधील मोठी संशोधन केंद्रे अशी उपकरणे स्वतः घेऊ शकतात. वायव्येकडील पीण्याच्या लहान कारखानदाराला ते शक्य नसते. यासाठी तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. सार्वजनिक उपकरणांचा काही वेळ लघुउद्योगांसाठी राखून ठेवावा. खरेदीबरोबरच देखभाल व प्रशिक्षित तंत्रज्ञ यांचीही तरतूद करावी, अन्यथा यंत्र झाकलेलेच राहते. आणि अहवालात केवळ आलेख न देता त्याचा अर्थ कारखानदाराला त्याच्या भाषेत सांगावा.

रस्ते आणि वीज यांना आपण विकासाचा पाया मानतो. अचूक मोजमाप हाही तसाच पाया आहे. तो सर्वांसाठी खुला झाला, तरच चांगल्या कामाला चांगला भाव मिळेल.