वर्गात किती जण? आधी फ्रीज उघडा

गेल्या काही महिन्यांत महाड-पोलादपूरकडच्या दोन-तीन जणींनी मला एकच प्रश्न विचारला. बेकरीत नवीन लागलेली मुलंमुली, हायवेवरच्या हॉटेलात शिकाऊ म्हणून घेतलेली पोरं, यांना केकवरचं आयसिंग शिकवायचं आहे, तर वर्ग आखायचा कसा आणि फी किती ठेवायची? विचारणाऱ्या सगळ्या घरी केक करून विकणाऱ्या. हात बसलेला, गिऱ्हाईक बांधलेलं. शिकवण्याचा हिशेब मात्र कुणीच मांडलेला नव्हता.

मीही तो मांडला नव्हता. पोलादपूरला माझा पहिला वर्ग झाला मे महिन्यात. हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या, म्हणून बारा जण घेतले. अकराच्या सुमाराला लाइट गेली. पंखे बंद, फ्रीज बंद, आणि बारा भांड्यांत फेटलेलं क्रीम. साडेअकराला गुलाबाच्या पाकळ्या बोर्डावरून ओघळून टेबलावर आल्या. एका मुलाने अगदी शांतपणे विचारलं, "मॅडम, हे आता चमच्याने खायचं का?" निम्मी फी परत केली आणि घरी आल्यावर पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसले.

तेव्हापासून वर्गात किती जण घ्यायचे हे मी फ्रीज उघडून ठरवते. अर्ध्या किलोच्या केकला आठ इंची बोर्ड लागतो. घरातल्या मोठ्या फ्रीजमध्ये एका जाळीवर असे दोन बोर्ड बसतात, आणि डबे-बाटल्या बाहेर काढून जाळ्या नीट लावल्या तर चार थर होतात. म्हणजे आठ केक. म्हणून आठ विद्यार्थी. नववा आला तर त्याचं नाव पुढच्या वर्गाला लिहायचं, मग तो भाचा असला तरी.

आपल्याकडे बेकरीत बहुतेक ठिकाणी पुड्यातलं वनस्पती तेलापासून केलेलं व्हिपिंग क्रीम वापरतात. ते फ्रीझरमध्ये गोठवून ठेवायचं आणि आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवायचं. फेटायला घ्याल तेव्हा त्यात बर्फाचे थोडे कण हाताला लागले पाहिजेत. थंडपणा गेलेलं क्रीम नीट फुगत नाही, कितीही बीटर फिरवा. भांड्याखाली बर्फाची परात ठेवा. आणि जास्त फेटलं जाऊन क्रीम रवाळ झालं तर टाकून देऊ नका. न फेटलेलं थंड क्रीम दोन-तीन चमचे घालून हलक्या हाताने कालवा, बरंचसं सुधारतं. नवशिक्यांच्या वर्गात ही वेळ येतेच, आणि ते सावरणं त्यांच्यासमोर करून दाखवावं.

आता महिना. आपला भाग समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत. उन्हाळ्यात उकाडा कोंडून राहतो आणि पावसाळ्यात हवेला अंगचं पाणी सुटतं. जुलै-ऑगस्टमध्ये तर वर्ग ठेवूच नका. 22 जुलै 2021चा पूर महाडच्या बाजारपेठेने पाहिलाय. तळमजल्यावर यंत्रं ठेवणाऱ्यांना मी वेगळं काय सांगू? माझी टर्नटेबलं त्या वर्षापासून माळ्यावर असतात. गणपतीत आणि रमजानमध्ये बेकरीवाल्याला मान वर करायला उसंत नसते, तेव्हा तो आपली पोरं सोडणार नाही. नाताळच्या आधीचा आठवडा तसाच. उरतो तो नोव्हेंबर, डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस, आणि पुढे, त्यात रमजान येत नसेल तर, जानेवारी-फेब्रुवारी. आंबेनळी घाटातून महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाली येते तीही याच दिवसांत. ती क्रीमवर ठेवण्याआधी कापडाने टिपून घ्यायला शिकवा, नाहीतर तासाभरात पांढऱ्या केकवर लाल ओघळ येतात.

वार मंगळवार किंवा बुधवार. शनिवार-रविवारी बेकरीत वाढदिवसांची गर्दी असते. वेळ सकाळी साडेआठ ते साडेबारा, असे लागोपाठ दोन दिवस. उमरठ, कापडे, लोहारे अशा गावांतून येणारे एसटीवर अवलंबून असतात, म्हणून वेळ जाहीर करण्याआधी स्टँडवर जाऊन गाड्या विचारून या.

पहिल्या दिवशी केकला हात लावू देऊ नका. स्टीलचा गोल डबा घ्या, साधारण सहा इंच व्यासाचा, अर्ध्या किलोच्या केकच्या उंचीचा. तो टर्नटेबलवर पालथा घाला. वर लावायला डालडा आणि पिठीसाखर फेटून केलेलं मिश्रण. आपल्या हवेत ते क्रीमपेक्षा पुष्कळ जास्त टिकतं. लावायचं, पॅलेट नाइफने गुळगुळीत करायचं, खरवडून भांड्यात टाकायचं, पुन्हा लावायचं. एका सकाळी एकेकाचा डबा दहा-दहा वेळा लिंपून होतो आणि क्रीमचा एक थेंबही खर्च होत नाही. हात केव्हा बसतो ते दिसतं: सुरी एका जागी स्थिर धरून डावा हात टर्नटेबल फिरवायला लागला की समजा, जमलं. तोवर सगळे जण सुरीच फिरवत असतात, भिंतीला गिलावा केल्यासारखी.

पायपिंग बॅगचंही तसंच. पिशवी अर्धीच भरायची. गच्च भरली की तळहाताच्या उबेने आतलं क्रीम सैल पडतं. दाब वरच्या हाताचा, खालचा हात नुसता दिशा दाखवायला. फूल पूर्ण झालं की आधी दाब सोडायचा, मग नोझल उचलायचं. हे उलट केलं की प्रत्येक फुलाला शेपूट येतं.

दुसऱ्या दिवशी खरा केक, आणि त्यावर नाव. नावासाठी पूर्ण एक तास ठेवा, असा माझा आग्रह आहे. फोनवर बघून सगळ्यांना राजवाडे करायचे असतात. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी रॉयल आयसिंगमधून मिलानचं कॅथेड्रल उभं केलं, शंभर किलोचं. ते फोटो पोरं मला दाखवतात. जरूर बघावेत. पण बेकरीच्या काउंटरवर शिकाऊ मुलाच्या हातात पहिलं काम येतं ते नाव लिहायचं. गिऱ्हाईक गाडी चालू ठेवून उभं असतं आणि म्हणतं, "ज्ञानेश्वरी लिहा, जरा पटकन."

बटर पेपरचा त्रिकोण कापायचा, त्याचा कोन वळायचा, आत जेल किंवा पातळ केलेलं चॉकलेट भरायचं. टोक टाचणीएवढंच कापायचं. चॉकलेटच्या भांड्यात पाण्याचा थेंब गेला तर त्याचा गोळा होतो, म्हणून चमचा कोरडा. मराठी अक्षरांची एक अडचण इंग्रजी शिकवणीत कुणी सांगत नाही: शिरोरेषा. नवशिका अक्षरं आधी काढतो आणि रेघ शेवटी मारतो. तोवर अक्षरं वरखाली झालेली असतात आणि रेघ त्यांच्या डोक्यातून आरपार जाते. मी आधी दाभणाने क्रीमवर पुसट रेघ ओढायला लावते, त्या रेघेला अक्षरं टांगायची आणि मग वरून शिरोरेषा भरायची. "श्रेयस" सहज मावतं. "ज्ञानेश्वरी"ला मात्र आधी कागदावर मोजून दोन्हीकडे जागा सोडावी लागते, शिवाय वेलांटी आणि मात्रेसाठी वर एक बोट. आणि नाव गिऱ्हाइकाकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. ऐकून लिहायचं नाही.

आता पैसे. बाजारभाव बदलतात, म्हणून मी हिशेबाला सोपे आकडे धरते. तुम्ही तुमचे घाला. आठ जणांसाठी तीन किलो क्रीम, 750 रुपये. अर्ध्या किलोचे नऊ स्पंज, एक माझ्या प्रात्यक्षिकाचा, 900. डालडा आणि पिठीसाखर 500. बोर्ड, खोकं, बटर पेपर, पिशव्या माणशी 50 म्हणजे 400. रंग आणि जेल 250. साहित्य झालं 2,800. जागा, लाइट, बर्फ मिळून 1,300. भांडी घासायला आणि मदतीला एक बाई दोन दिवस, 1,000. टर्नटेबल, सुऱ्या, नोझल यांचे आठ संच 4,800चे. ते बारा वर्ग टिकतील असं धरलं तर एका वर्गाला 400. इथवर 5,500.

बहुतेक जणी इथेच थांबतात आणि आठाने भागून मोकळ्या होतात. तुमची मजुरी कुठे गेली? दोन सकाळी शिकवण्याच्या आणि एक पूर्ण दिवस तयारीचा. दिवसाला 1,500 धरा, 4,500. एकूण 10,000.

हे आठाने भागू नका, सहाने भागा. आठ नावं येतात आणि सहा जण हजर राहतात. एकाची पाळी बदलते, एकाच्या घरी पाहुणे येतात. सहा जणांना साहित्य थोडं कमी लागतं, खर्च साडेनऊ हजारांच्या आसपास येतो, म्हणजे माणशी 1,600ला थोडे कमी. फी 1,600 ठेवा. आठही आले तर 12,800 जमतात, 2,800 वर उरतात. त्यातून मी एक जागा फुकट ठेवते. ती कुणाला दिली हे वर्गात सांगत नाही.

पण 1,600 रुपये कोण देणार, हाही विचार करा. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 साली आली तेव्हा बारावी झालेल्या उमेदवाराला महिना 6,000 रुपये विद्यावेतन ठरलं. एवढंच हातात पडणाऱ्या मुलाला आपली फी महिन्याच्या चौथ्या हिश्श्याहून जड जाते. म्हणून आधी मालकाला भेटा. "नाव नीट लिहिणारा, क्रीम वाया न घालवणारा माणूस तुम्हाला मिळेल, निम्मी फी तुम्ही द्या," असं सरळ म्हणा. बरेच जण देतात. वर्गाच्या दोन दिवसांचा पगार कापणार नाही, हेही त्याच वेळी कबूल करून घ्या. उरलेले 800 मुलाकडून दोन हप्त्यांत घ्या, पहिला नाव नोंदवताना. तो परत मिळणार नाही हे पावतीवर लिहा, कारण त्या पैशांचा स्पंज तुम्ही आधीच सांगितलेला असतो.

ज्याला वर्षभर वेळ काढता येईल त्याला तुमच्याकडे थांबवू नका. आयटीआयमध्ये 'बेकर अँड कन्फेक्शनर' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. आपला दोन दिवसांचा वर्ग कामावर असलेल्यांसाठी आहे. त्यातून कुणी घरी केक करून विकू लागलं तर अन्न सुरक्षा खात्याची नोंदणी आधी करून घ्यायला सांगा.

पहिला वर्ग नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी ठेवा. आणि त्याच रात्री, दुसऱ्या दिवसाच्या केकसाठी, क्रीम फ्रीझरमधून खाली उतरवायला विसरू नका.