इडापिडेची मिरवणूक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, नागपुरातील इतवारीच्या बाजूस सहज म्हणून गेलेला परगावचा पाहुणा प्रथम गोंधळून जातो. आदल्या सायंकाळी त्याने रंगविलेल्या शिंगांचे, झुली पांघरलेले बैल पाहिलेले असतात. आणि आज ढोलताशांच्या गजरात गल्लीच्या तोंडातून बाहेर पडते ती एक उंचच उंच, काळीकभिन्न, अक्राळविक्राळ बाई! बांबूंचा सांगाडा, त्यावर कागद व कापड, आणि भोवती माणसांचा पूर. ही देवी की राक्षसीण, असे तो शेजारच्या अनोळखी गृहस्थास विचारू लागतो. पण उत्तर देण्याइतकी सवड त्या गृहस्थास कोठली? तो हात उंचावून इतरांबरोबर ओरडत असतो, ‘घेऊन जा गे मारबत!’ थोड्याच वेळाने हा पाहुणाही तेच ओरडू लागतो.

मारबत ही मुळात विदर्भातील खेड्यांची चाल. पोळ्याच्या दिवशी घराच्या दारी पळसाच्या फांद्या ठेवावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, रोगराई, ढेकूण, मोंगसे यांसह सारी इडापिडा घेऊन जा, असे म्हणत त्या गावाच्या शिवेबाहेर टाकावयाच्या. नागपूर शहराने या चालीस देह दिला. काळी मारबत १८८१ साली आणि पिवळी १८८५ साली सुरू झाली, असे सांगतात. पिवळी तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघणारी. तिला रक्षणकर्ती मानून लोक हात जोडतात. काळीला मात्र शिव्याशाप. कोणी तिला श्रीकृष्णास मारावयास आलेली पूतना म्हणतात, तर कोणी इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाई. दोघींची गाठ पडली, की गर्दीच्या आनंदास सीमा राहत नाही. अखेर दोघींचेही दहन होते.

त्यांच्यामागून येतात ते बडग्ये. हे पुरुषांचे पुतळे. त्यांची संख्या व रूपे दरवर्षी निराळी. महागाईचा बडग्या, लाचखोरीचा बडग्या, रस्त्यातील खड्ड्यांचा बडग्या. गळ्यात पाटी, पाटीवर चुरचुरीत मजकूर. वर्षभर ज्या गोष्टीचा नागरिकांस जाच झाला, तिची त्या दिवशी भरचौकात धिंड निघते.

या दृश्यात आनंदासारखे काय आहे, असे एखादा सुशिक्षित गृहस्थ विचारील. आणि तो प्रश्न गैर नाही. पुतळा ओबडधोबड, आरडाओरडा कर्कश, चेंगराचेंगरीचा धाक निराळाच. परंतु नाटकगृहातील करमणुकीहून हिचा प्रकार वेगळा आहे. तेथे प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. येथे कोणी यजमान नाही आणि कोणी निमंत्रित नाही. सराफाच्या पेढीवरील मुनीम, पोते वाहणारा हमाल, महाविद्यालयातील विद्यार्थी व नातवाला खांद्यावर घेतलेला आजोबा एकाच पाटीवरील मजकूर वाचून एकाच वेळी हसतात. कोणी कोणाचे नाव विचारीत नाही, जात विचारीत नाही. प्रत्येकाच्या मनात मात्र आपापली पीडा असते. एकाच्या घरी मुलीचा ताप हटत नाही, दुसऱ्याचे कर्ज फिटत नाही, तिसऱ्याचा दावा वर्षानुवर्षे कचेरीत पडून आहे. शेजाऱ्याजवळही जे बोलवत नाही, ते ‘घेऊन जा’ या दोन शब्दांत घालून तो मोकळा होतो; आणि आजूबाजूचे शेकडो अपरिचित कंठ, काही न विचारता, त्याच्यासाठीही तेच मागतात.

बांबू जाळल्याने महागाई जळत नाही, हे मिरवणुकीतल्या लहान मुलासही कळते. दुसऱ्या दिवशी बाजारात भाव तेच असतात. तेव्हा ही केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूस सारणे सोपे आहे, पण न्याय्य नव्हे. जी तक्रार एकट्याने घरात कुरकुरत करावयाची, ती चारचौघांत हसत हसत बोलता आली, की माणूस तिच्यापुढे पूर्वीइतका दीन राहत नाही.

तथापि या हास्यासही एक मर्यादा हवी. बाकाबाईचेच उदाहरण घ्यावे. ती दुसऱ्या रघूजी भोसल्यांची विधवा. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, राजवाड्यातील जडजवाहीर लिलावास निघाले, आणि तरीही १८५७ च्या उठावात तिने इंग्रजांचाच पक्ष धरला. तो भित्रेपणा होता, की उरलेसुरले घर वाचविण्याची एका वृद्धेची धडपड होती, हे इतिहासाने तोलून पाहावयाचे. गर्दीस तितका धीर नसतो. म्हणून बडग्याच्या गळ्यातील पाटीवर दुर्गुणाचे नाव असावे. तेथे एखाद्या दुबळ्या माणसाचे किंवा समाजाचे नाव आले, की हास्याचे विष होते. आणि मग इडापिडा शहराबाहेर न जाता शहरातच मुक्काम करिते.

२०२० साली करोनाच्या साथीमुळे ही मिरवणूक निघाली नाही. जिने रोगराई न्यावयाची, तिलाच रोगराईने अडवून धरिले! त्या वर्षी माणसांवर पीडा काही कमी नव्हती. परंतु ती ज्याने त्याने आपल्या दाराआड एकट्यानेच सोसली. परक्याच्या खांद्यास खांदा लागण्यात केवढा आधार असतो, हे त्या रिकाम्या रस्त्यांनी पुष्कळांस शिकविले असेल.

मोठ्या शहरात आज एका जिन्यावरची बिऱ्हाडेही एकमेकांस ओळखत नाहीत. अशा ठिकाणी वर्षातून एक सकाळ जर हजारो अनोळखी माणसे आपले ओझे एकाच बांबूच्या बाईच्या डोक्यावर ठेवून हसत घरी जात असतील, तर सुशिक्षितांनी तो सोहळा माडीवरील सज्जातून नुसता न्याहाळू नये. मुलांचा हात धरून खाली उतरावे, पाटी वाचावी, आणि मोठ्याने हसावे. शेजारी उभा असलेला माणूस कोण, हे विचारण्याचे काही कारण नाही.