छापील वेग आणि खरी कुवत
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये संगणक जुळवून घेणाऱ्या ग्राहकाला एक प्रश्न हमखास पडतो. दोन प्रोसेसर एकाच घराण्याचे, दिसायला सारखे. मग किमतीत एवढी तफावत का? याचे उत्तर प्रतवारीत आहे. तंत्रज्ञ तिला ‘बिनिंग’ म्हणतात.

सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर शेकडो चिप्स एकाच आराखड्यानुसार घडतात. तरीही सूक्ष्म धूलिकण आणि थरांच्या जाडीतील किंचित फरक यांमुळे त्या तंतोतंत सारख्या निघत नाहीत. कोकणातील बागायतदार एकाच झाडाचे आंबे निवडून निरनिराळ्या पेट्यांत भरतो, तसाच हा प्रकार. कमी व्होल्टेजवर जलद चालणारी चिप वरच्या प्रतीत जाते. एखादा कोअर सदोष असेल, तर तो बंद करून ती खालच्या प्रतीत विकली जाते. नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथे चिपचे आराखडे करणारे अभियंतेही हा फरक आधीच गृहीत धरतात.

मात्र खालची प्रत म्हणजे नेहमीच कमी कुवत नव्हे. स्वस्त मालाची मागणी वाढली, की उत्तम चिपवरही कमी वेग छापला जातो. १९९८ मध्ये आलेली इंटेलची ‘सेलेरॉन ३००ए’ ३०० मेगाहर्ट्झची होती. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, की त्यांपैकी पुष्कळ चिप्स ४५० मेगाहर्ट्झवर चालत. छापील वेग असा ओलांडणे म्हणजे ‘ओव्हरक्लॉकिंग’. पण सर्वच चिप्स ते पेलत नसत, आणि कोणती पेलेल हे खोक्यावरून कळत नसे.

शिवाय हा वेग फुकट मिळत नाही. त्यासाठी बहुधा व्होल्टेज वाढवावे लागते, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर वेग तोच ठेवूनही सुमारे २१ टक्के अधिक वीज लागते. तिची उष्णता होते. म्हणूनच दिल्लीच्या जानेवारीत निर्धोक चाललेला संगणक मे महिन्यात अडखळतो, कधी मध्येच बंद पडतो, तर कधी मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो. वाढवलेल्या वेगाची खरी कसोटी उन्हाळ्यातच लागते.

याची दुसरी बाजूही आहे. १९९०च्या दशकात लबाड व्यापारी चिपवरील आकडा खोडून मोठा आकडा छापत. छाप बदलला, कुवत बदलली नाही.

तात्पर्य, छापील वेग ही निर्मात्याने दिलेली किमान हमी असते. ती चिपची अंतिम मर्यादा नसते. गुणपत्रिकेकडे पाहताना पालकांनी एवढे जरूर स्मरावे. फरक इतकाच, की कारखान्यातून बाहेर पडलेली चिप पुढे सुधारत नाही. शाळेतून बाहेर पडलेले मूल मात्र आयुष्यभर घडत राहते. त्याला झेपेल तेवढाच ताण द्यावा, आणि त्याच्यावरचा पहिला छाप अखेरचा मानू नये.